यंदा कुलकुल करायचे की नाही? (नाताळातलं मुळातलं काय आणि मागाहून चिकटलेलं काय)

सुरूची_फांदी | ८ डिसेंबर, रात्री १०:४२

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही घरच्या कुरबुरीवरून, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही वसईकडचे, कुपारी ख्रिस्ती. घरात आमची कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी, पुण्यात ऑफिसात समोरचा बोलेल ते. डिसेंबर लागला की एका शनिवारी दुपारची जेवणं आटपून आमच्याकडे सगळे कुलकुल वळायला बसतात. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, थोडं तूप. घट्टसर मळायचं. सुपारीएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं चेपायची आणि तशीच गुंडाळत उचलायची, की रेघारेघांचा शिंपला तयार. मग तळायचे. कंगवा कोरा हवा, डोक्याला कधी न लागलेला. आमचा हिरव्या प्लॅस्टिकचा, आजीच्या वेळचा. त्याचे मधले दोन दात पडलेत, त्यामुळे आमच्या घरच्या शिंपल्याला मध्ये एक रुंद पट्टा येतो आणि कोणाच्याही ताटात आमचा कुलकुल ओळखू येतो. बाबांनी डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, ‘केसांसाठी नाही’.

बाबा फेब्रुवारीत गेले. भाऊ कॅनडात, त्याला सुट्टी नाही. परवा आई फोनवर म्हणाली, "दोघींसाठी कोण वळत बसणार? शिवाय अजून वर्ष व्हायचंय. पाव किलो विकत आणू, मिस्साला जाऊन येऊ, झालं." मी चिडून म्हटलं, मग येशूजन्माचा गोठाही नको, नाचणीही पेरू नको, चांदणीही लावू नको. ती म्हणाली, "नको तर नको," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. नाताळातलं मुळातलं असेल तेवढं ठेवावं, मागाहून चिकटलेलं यंदापुरतं सोडावं. आईलाही पटेल. तर जाणकारांनो, मुळातलं काय?

तर्कट | ८ डिसेंबर, रात्री ११:१५

सोपा प्रश्न आहे. मुळातलं काहीच नाही.

शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही, महिनाही नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोमची, साल ३३६. त्याच रोममध्ये सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये ‘अजिंक्य सूर्या’चं देऊळ उभारलेलं होतं. दिवस मोठा व्हायला लागण्याचा सुमार, म्हणजे संक्रांतीचीच जात. आर्मेनियन चर्च अजून ६ जानेवारीलाच करतं. रशियन लोक ७ जानेवारीला करतात, कारण त्यांचं पंचांग १३ दिवस मागे आहे.

आणि हे ‘सगळं कुटुंब एकत्र’ वगैरे तर कालपरवाचं. इंग्लंडमध्ये पूर्वी नाताळ म्हणजे दारू, सोंगं, टोळक्यानं लोकांची दारं वाजवून खायला-प्यायला मागणं. आपल्या शिमग्याचा भाऊ. म्हणून तर १६४७ मध्ये प्युरिटनांच्या पार्लमेंटनं सण बंदच करून टाकला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ उजाडलं! झाडाभोवती आई-बाप-मुलं हे चित्र इंग्लंडात घरोघर गेलं ते १८४८ मध्ये, एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांचं झाडासकट चित्र छापून आलं तेव्हा. ताईंना काय सोडायचं ते खुशाल सोडू दे. सांता तर कोका-कोलावाल्यांचा.

नगरी_मिरची | ९ डिसेंबर, सकाळी ७:५०

तर्कटराव, शेवटच्या वाक्यात घसरलात. कोका-कोलाच्या जाहिरातीतला सांता १९३१ चा. लाल डगल्यातला, पांढऱ्या दाढीचा गुबगुबीत म्हातारा त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत छापून येत होता. थॉमस नास्ट नावाचा व्यंगचित्रकार १८६३ पासून त्याला काढत होता. त्याहून मागं गेलात तर मायराचा बिशप संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला. त्याच्या अस्थी १०८७ मध्ये इटलीतल्या बारीच्या खलाशांनी उचलून नेल्या. देवसुद्धा पळवतात म्हणा लोक.

सुरूताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे (आम्ही नगरचे, प्रोटेस्टंट) गोठा नसतोच. लहानपणी मला वाटायचं, नाताळ म्हणजे पेटी, ढोलकी आणि थंडीनं बधिर झालेली बोटं. रात्री नऊला कॅरोलची फेरी निघायची ती पहाटे तीनला परत. प्रत्येक घरी एक भजन, एक प्रार्थना, एक कप चहा. बाराव्या घरी चहा नको वाटायचा, पण घेतला नाही तर मावशी रागवायच्या. गाणी बरीचशी ‘उपासना संगीता’तली, आणि त्यातली जुनी भजनं रेव्हरंड टिळकांची. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं नगरला राहून अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. आमच्या आजोबांचं म्हणणं, इंग्रजी चालीतलं गाणं गाताना ताठ उभं राहावं लागतं, टिळकांचं भजन मांडी घालून गाता येतं.

तुमच्याकडे गाण्याचं काय असतं? गाण्याला तर मैदा लागत नाही.

सुरूची_फांदी | ९ डिसेंबर, रात्री ९:२०

तर्कट, तुमच्यामुळे माझा तोडगाच बुडाला. मुळातलं काहीच नसेल तर ठेवू काय?

नगरी_मिरची, गाण्याचंच तर दुखणं आहे. बाबा चर्चच्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गायचे. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या खालून सतरंजीसारखा पसरलेला असायचा. कुलकुल वळतानाही तेच. आम्ही वरचं गायचो, ते खालचं गुणगुणायचे, आणि मधेच थांबून "तळणीतले काढा, करपले" म्हणायचे.

सेमिनरीतून_परत | ९ डिसेंबर, रात्री ११:०५

नावावरून कळलंच असेल. धर्मगुरू व्हायला चार वर्षं आत होतो, आता विमा विकतो. पण थोडं शिकलेलं उरलंय.

तारखेबद्दल: सूर्यदेवाच्या सणावर नाताळ बसवला हे एक मत. दुसरं मत असं की जुन्या ख्रिस्ती हिशेबात २५ मार्च हा मरियेच्या गर्भधारणेचा दिवस धरत, त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत. तर्कटांनी एकच सांगितलं म्हणून लिहिलं.

गोठ्याबद्दल मात्र साल-गाव सगळं पक्कं आहे. १२२३, इटलीतलं ग्रेचो. संत फ्रान्सिसनं डोंगरातल्या त्या गावात गवत, गव्हाण, खराखुरा बैल आणि गाढव आणून मध्यरात्रीची मिस्सा करवली. गावातल्या लोकांना लॅटिन कळत नव्हतं. बेथलेहेमात पोरगं कुठं निजलं असेल, थंडीत त्याचे काय हाल झाले असतील, हे त्याला त्यांच्या डोळ्यांसमोर आणायचं होतं. आणि बैल-गाढव शुभवर्तमानात नाहीतच! लूकमध्ये गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव आले यशयाच्या पहिल्या अध्यायातून, ‘बैल आपल्या धन्याला ओळखतो’ ह्या ओळीवरून. तीन राजेही तसेच. मत्तयमध्ये ‘मागी’, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, आहेत, ते किती हे लिहिलेलं नाही. देणग्या तीन म्हणून माणसं तीन.

तेव्हा मुळातलं म्हणाल तर एक बाळ, कापडात गुंडाळलेलं, आणि त्याला ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून गुरांच्या गव्हाणीत ठेवलेलं. एवढंच. तिथपासूनच सगळं आहे त्यात भागवलेलं आहे.

जुनी_पोथी | १० डिसेंबर, दुपारी १:३०

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, टंकनाच्या चुका माफ.

आधी शब्द. नाताळ हा पोर्तुगीज ‘नाताल’, त्याच्या मागे जन्माचा अर्थ असलेला लॅटिन शब्द. वास्को द गामा हिंदुस्थानकडे येताना १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यासमोरून गेला त्याचंही नाव त्यानं नाताल ठेवलं. गांधीजींचं नाताळ ते हेच. इंग्रजीतला सण आपण ‘ख्रिसमस’ म्हणून ऐकतो, पण मराठीत तो पोर्तुगीज गलबतातून आधीच उतरलेला होता.

आता गाण्याकडे. सगळे ‘सायलेंट नाइट’वर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच नोंदवतो. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघातला इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. मराठी शिकला, म्हणजे कसा शिकला, तर ख्रिस्ताची कथा पुराणाच्या घाटात, ओवीत रचण्याइतका. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरी खिळे नव्हते म्हणून छापलं रोमन लिपीत. त्या काळची छापील प्रत आज एकही उरलेली नाही. हस्तलिखितं लोकांनी घरोघर उतरवून ठेवली म्हणून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आलं. मराठीला खड्यांमधल्या रत्नाची उपमा देणारा तो हाच, शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. तेव्हा बेथलेहेमची कथा मराठीत गाऊन सांगितली गेली ती त्या ऑस्ट्रियन गाण्याच्या दोनशे वर्षं आधी.

भोंडल्याची_पोर | १० डिसेंबर, दुपारी ४:१०

मी ख्रिस्ती नाही, पण बालपण नाना पेठेत सिटी चर्चच्या मागच्या बाजूला गेलं. (ते चर्च १७९२ चं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याचे ख्रिस्ती लोक होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली.) २४ च्या रात्री आम्ही गच्चीवर गोधड्या घेऊन बसायचो, गाणी ऐकायला.

मला सांगायचंय ते वेगळं. ‘कॅरोल’ हा शब्द मुळात नाचाचा आहे! जुन्या फ्रेंचमध्ये ‘कारोल’ म्हणजे हात धरून गोल फेर. एकीनं कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी धृपद उचलायचं. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यांदा हसले, कारण मी हादग्याच्या पाटाभोवती नेमकं हेच केलंय. ऐलमा पैलमा म्हणताना मध्ये हत्ती असतो, त्यांच्याकडे मध्ये काय असायचं कोण जाणे.

आणि भोंडल्यालाही खिरापत लागतेच. गाणी फुकट म्हणत नाही कोणी.

तर्कट | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:००

‘जिंगल बेल्स’ १८५७ चं. त्यात येशू नाही, मरिया नाही, नाताळ हा शब्दही नाही, नुसती घोड्याची घसरगाडी. ‘जॉय टू द वर्ल्ड’ आयझॅक वॉट्सनं १७१९ मध्ये लिहिलं ते ९८ व्या स्तोत्रावरून, नाताळासाठी नव्हे. हँडलचं ‘मसाया’ पहिल्यांदा गायलं गेलं १३ एप्रिल १७४२ ला, डब्लिनमध्ये, कडक उन्हाळ्यात.

आल्प्सच्या_पायथ्याशी | १० डिसेंबर, रात्री ८:४५

डब्लिनला कडक उन्हाळा? तर्कटराव, एकदा या इकडे. एप्रिलमध्ये स्वेटर घालून फिरवतो.

मी म्युनिकला असते, मूळ डोंबिवली. जुनी_पोथींनी आधीच दामटलं तरी ‘सायलेंट नाइट’बद्दल लिहिणारच, कारण तिथं जाऊन आलेय. ओबर्नडॉर्फ, साल्झबर्गच्या उत्तरेला, नदीकाठी. ज्या चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ ला हे गाणं पहिल्यांदा गायलं ते आता नाही. नदीच्या पुरांनी खिळखिळं झालं म्हणून पाडलं. तिथं एक बुटकी, अष्टकोनी, पांढरी प्रार्थनाघुमटी आहे, १९३७ मधली. आत वीसेक माणसं कशीबशी मावतील. मी गेले तेव्हा एक जपानी आजोबा एकटेच दाराशी उभं राहून ओठांत पुटपुटत होते.

गोष्ट अशी: योसेफ मोर हा तरुण उपधर्मगुरू. कविता त्यानं १८१६ मध्येच लिहिली होती. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं युरोपात त्या वर्षी उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. वर नेपोलियनची युद्धं नुकती संपलेली. अशा वर्षात हा माणूस शांत रात्रीवर लिहितो. दोन वर्षांनी नाताळच्या आदल्या दिवशी कागद घेऊन तो शेजारच्या गावचा शाळामास्तर फ्रान्स ग्रुबरकडे गेला, म्हणाला, दोन आवाज आणि गिटार ह्यांना जमेल अशी चाल लाव. रात्री दोघांनी गायलं. मोरच वरचा आवाज गायला आणि गिटारही त्यानंच वाजवलं, ग्रुबर खालच्या पट्टीत. (सुरूताई, हे वाचताना तुमच्या बाबांची आठवण आली.) ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार घेतलं, ही लाडकी गोष्ट मागाहूनची आहे. कविता १८१६ ची हेही पक्कं झालं ते १९९५ मध्ये मोरच्या हातचा कागद सापडला तेव्हा. पुढं टायरॉलकडची गाणारी कुटुंबं होती, त्यांनी ते गाणं जत्रांतून, मैफलींतून फिरवलं. त्यांतल्या राइनर कुटुंबानं १८३९ मध्ये न्यूयॉर्कपर्यंत नेलं. आणि बरं का, मूळ चाल आता गातात तशी झोपाळू नाही, बरीच उडती आहे.

इथल्या नाताळाचं सांगते. २४ ला दुपारी दोनला दुकानं बंद होतात, आणि मग रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पहिल्या वर्षी मला माहीतच नव्हतं. घरात अर्धा कांदा आणि दही. सगळं शहर आपापल्या घरात, दारं बंद, खिडक्यांत दिवे, आणि मी रस्त्यावरून चालतेय. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजींनी आधीच बोलावून ठेवलं. त्यांच्याकडे टेबलावर चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं असतं. ही प्रथा हँबर्गची, १८३९. विचेर्न नावाचे एक पाळक गरीब, बेघर मुलांसाठी घर चालवायचे. मुलं रोज विचारायची म्हणे, नाताळ कधी? त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक लहान लाल, रविवारची मोठी पांढरी. पोरांनी आपली आपण मोजावी.

साष्टीकर | ११ डिसेंबर, सकाळी ९:३०

देव बरें करूं सगळ्यांना. वाचतोय तीन दिवस, आता राहवत नाही.

सुरूची_फांदी, गोव्यात आमच्याकडेही दुखवटा असलेल्या घरी नाताळाचं गोड करत नाहीत. आई तुमची बरोबर आहे. पण ऐका, करत नाहीत म्हणजे खात नाहीत असं नव्हे. वाड्यावरची बाकीची घरं आणून देतात. माझी आई गेली त्या वर्षी आमच्या टेबलावर कधी नव्हे इतक्या ताटल्या होत्या: नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, आणि तीन वेगवेगळ्या घरचे कुलकुल. घर करतं तेव्हा एका हातचं, आणि करत नाही तेव्हा सगळ्या वाड्याच्या हातचं.

आता मुळातलं-चिकटलेलं ह्यावर. आमचं कुस्वार, म्हणजे नाताळाचं गोडधोड, जरा निरखून पाहा. मार्झिपान युरोपात बदामाचं करतात. इथं बदाम कुठला परवडायला? काजू घातले. काजू तरी आपला कुठं, पोर्तुगीजांनीच ब्राझिलातून आणलेला. पेराड ही पेरूची वडी. पोर्तुगालात ती क्विन्स नावाच्या आंबट फळाची करतात, ते इथं होत नाही, म्हणून पेरू. नेवरी म्हणजे तुमची करंजी, ती आम्ही बाप्तिस्म्याच्या आधीपासून करत होतो, सण बदलला पण सारण तेच राहिलं. आणि ताईंचं टोपणनावच बघा ना! फर, स्प्रूस नाहीत म्हणून किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी बादलीत वाळू भरून उभी करायची. सुरू तरी ह्या मातीतला आहे का? तोही पूर्वेकडच्या समुद्रापलीकडून आला.

सुरूची_फांदी | ११ डिसेंबर, रात्री १०:१५

साष्टीकर, बादली आमची निळी होती आणि वाळू भुईगावच्या किनाऱ्यावरची. डिसेंबर संपला तरी घरभर वाळू सापडायची.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सगळंच कोणीतरी नसेल त्याच्या जागी दुसरं लावून केलंय, मग मी यादीतून नेमकं काय कापू? कंगवासुद्धा बहुतेक कोणाकडे तरी लाकडी साचा नव्हता म्हणून आला असेल.

आई अजून फोनवर दोनच वाक्यं बोलतेय. नाचणीबद्दल विचारायची हिंमत झाली नाही.

भोंडल्याची_पोर | ११ डिसेंबर, रात्री १०:३०

नाचणी पेरणं काय असतं?

सेमिनरीतून_परत | ११ डिसेंबर, रात्री १०:५०

गोठ्याभोवती हिरवं शेत दाखवायला परडीत किंवा ताटलीत मातीवर नाचणी नाहीतर भात पेरतात, आधी दहाबारा दिवस. नाताळापर्यंत बोटभर लव येते.

भोंडल्याची_पोर | ११ डिसेंबर, रात्री १०:५२

म्हणजे घट! अहो मग अजून वेळ गेलेली नाही. आमचे घट नऊ दिवसांत वीतभर येतात. रात्री भिजत घाला, १४ ला पेरलं तरी पुरे. पहिले दोन दिवस अंधारात ठेवा, लव पिवळसर येते पण भराभर वाढते.

गोदाकाठ | १२ डिसेंबर, सकाळी ११:००

अवांतर: वसईचा विषय आहे म्हणून. आमच्या नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा ही वसईकडच्या चर्चची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. आमच्या घंटेवर १७२१ साल आहे. तेव्हा तुमच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वाजलेली घंटा आमच्या आरतीला वाजते.

तर्कट | १२ डिसेंबर, सकाळी ११:२०

आमच्या म्हणजे कोणाच्या? लुटीचा माल आहे, परत करा.

गोदाकाठ | १२ डिसेंबर, सकाळी ११:२५

तुम्ही येऊन न्या. पूर आला की पाणी तिथवर चढतं, तेव्हा सांभाळायला मात्र आम्हीच.

व्यवस्थापक | १२ डिसेंबर, दुपारी १२:१०

घंटेसाठी वेगळा धागा काढावा. पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

सुरूची_फांदी | २६ डिसेंबर, रात्री ९:००

तुम्ही विचारत होतात म्हणून सविस्तर लिहिते.

२० ला घरी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, फळीच्या मागे, वर्तमानपत्राखाली झाकलेली ताटली. नाचणी. तीन बोटं वाढलेली. आईला विचारलं, कधी पेरलीस? म्हणाली, "फोन ठेवला त्याच दिवशी. पक्ष्यांना घालायची राहिली होती मूठभर." माझ्याकडे बघितलं नाही. नाचणी पक्ष्यांना घालायला आमच्याकडे आजवर कोणी ठेवलेली नाही.

कुलकुलाचं म्हणाल तर आई हटली नाही. आपल्या चुलीवर तळण ठेवायचं नाही म्हणजे नाही. पण शेजारच्या वाडवळ काकूंना मी साष्टीकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला कुठं येतात कुलकुल? मी शंकरपाळे देईन." मग थोडं थांबून, "पण मैदा मी मळते, कढई माझी, पडवी माझी. तुम्ही नुसतं बसायला या." आई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग उठली, कपाटाच्या वरच्या खणातून कंगव्याचा डबा काढला आणि पदराखाली धरून, चोरून नेल्यासारखा, कुंपणापलीकडे नेला.

दोन किलोचे झाले. काकूंचे पहिले वीस मोदकासारखे दिसत होते. भाऊ व्हिडिओवर होता, तिकडे पहाटेचे पाच. त्यानंही तिकडे थोडं पीठ मळलं होतं, काट्याच्या पाठीवर वळत होता. आई त्याला म्हणाली, "अरे, ती शिंपली आहे की चपटी गोगलगाय?" तेवढ्यात काकूंच्या नातवानं डब्यावरचं वाचलं, मोठ्यांदा. ‘केसांसाठी नाही’. आम्ही दोघी गप्प झालो. काकूंना कळलं नाही की कळलं, त्या म्हणाल्या, "गाणं म्हणा की गं काहीतरी, तुमच्यात म्हणतात ना."

मी नेहमीचं धरलं. दुसऱ्या कडव्याला आईनं उचललं, पण माझ्याबरोबर नाही. ती खालचं गात होती, बाबांचं. तिच्या आवाजाला ते इतकं खाली जात नाही, म्हणून वरच्या सप्तकात, पण ओळ तीच, थांबे तेच. इतक्या वर्षांत तिला ती ओळ पाठ आहे हे मला माहीत नव्हतं. मधेच थांबून म्हणाली, "तळणीतले काढा."

गोठा केला. बैलाचं एक शिंग तुटलंय, तो भिंतीकडे वळवून ठेवला. चांदणी नाही लावली. आईनं आधीच सांगितलं होतं, चांदणी पुढच्या वर्षी.

तर्कट | २६ डिसेंबर, रात्री ९:४०

प्रमाण द्या. एक किलो मैद्याला अंडी किती? आणि नारळाचं दूध पहिलं की दुसरं?

सुरूची_फांदी | २६ डिसेंबर, रात्री ९:५५

आईला विचारलं. किलोला चार अंडी, पहिलं दूध ‘मावेल तेवढं’, साखर ‘जिभेनं’. तूप गरम करून घाला. मळून तासभर झाकून ठेवा. तळताना आच मंद, नाहीतर बाहेरून लाल आणि आतून कच्चे.

तर्कट | २६ डिसेंबर, रात्री १०:०२

कंगवा नाही माझ्याकडे. टक्कल आहे.

सुरूची_फांदी | २६ डिसेंबर, रात्री १०:०५

मग तुमचा तर कोराच राहील. आणा एक. आणि आमच्या घरच्यासारखे हवे असतील तर मधले दोन दात मोडून घ्या.